तिस्वाहिनच्या म्हशी

बद्रियाला त्या घरात एका जागी बसवत नसे. भाकऱ्या थापून झाल्या की ती दारात येई, दारातून गच्चीवर जाई, प्लॅस्टिकच्या टाकीवर बोटाने टकटक करून पाणी कुठवर आहे ते ऐके, खाली येई आणि पुन्हा दारात उभी राही. समोर हमरस्ता. मालाच्या गाड्या, तेलाच्या गाड्या, धूळ. शेजारची सबरिया तिला मुलाच्या नावाने, हातिमची आई म्हणून, हाक मारायची, "उम्म हातिम, तुझ्या पायांना कुणी चाकं बसवलीयेत का गं? टेक की घटकाभर." बद्रिया टेकायची, अर्धा चहा प्यायची आणि उठायची.

नासिरिया शहराच्या बाहेर, हमरस्त्याला लागूनच ही वस्ती उभी राहिली होती. सिमेंटच्या विटांची घरं, एकाला एक चिकटलेली. इथे जागा घेताना तिच्या नवऱ्याने, चासिबने, सगळी चौकशी केली होती. रस्ता किती लांब, विजेचा खांब किती लांब, पुढे पोरं झाली तर शाळा किती लांब, दवाखाना किती लांब. तेलाच्या विहिरीवर त्याला पहारेकऱ्याची नोकरी लागली होती, ती किती लांब. पाणी किती लांब, हे मात्र कुणी विचारलंच नाही. पाण्याचं काय, ते टँकरने येतं.

दोघंही जन्मले होते पाणथळीत. तिथे शेजारणीकडे मीठ मागायला जायचं तरी होडी काढावी लागे. चासिब तिचा चुलतभाऊ, लहानपणी एकाच होडीतून बोरू कापायला जायची दोघं, त्यामुळे लग्नानंतरही अरे-तुरेच राहिलं. चासिब इथे रुळला. बद्रिया रुळली असं सगळ्यांना वाटत होतं.

तिची आई मात्र मागेच राहिली. आईचं नाव तिस्वाहिन, म्हणजे सगळ्या बायकांच्या तोडीची एकटी. नावाला तिने कधी बट्टा लावला नाही. नवरा गेला, दीर शहरात गेले, लेक रस्त्याकाठी गेली, पण तिस्वाहिन आपल्या म्हशी घेऊन पाण्यातल्या बोरूच्या बेटावर तशीच राहिली. "म्हशींना सिमेंट मानवत नाही," एवढंच ती म्हणे. दर शुक्रवारी तिचा फोन यायचा. काय शिजवलंस, पोरं काय म्हणतात, आणि मग म्हशींची खुशाली, ती बाकी सगळ्यापेक्षा लांब.

शेवटच्या फोनवर ती म्हणाली होती, "पाणी खारट झालंय गं. मी जरा सरकते."

"सरकतेस म्हणजे?"

"सरकते म्हणजे सरकते. पाणी सरकतंय, मग मी काय तिथेच बसून राहू?"

त्यानंतर फोन नाही. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला, चार गेले. बद्रिया फोन लावी, पलीकडून एक बाई शांतपणे सांगे की हा फोन बंद आहे. त्या शांतपणाचीच तिला चीड यायची.

"तुझी आई हरवणाऱ्यातली नाही," चासिब म्हणाला. तो पाळीवरून येऊन जोडे काढत होता. "ती हरवली तर पाणथळच हरवली म्हणायची."

"तीच तर हरवलीय रे. तू शेवटची कधी पाहिलीस?"

चासिबने दुसऱ्या जोड्याची नाडी सोडली. "टँकर परवा येणार. तू नसलीस तर पाइप कोण धरणार?"

"तू धर. दोन हात आहेत तुला."

ती सकाळीच निघाली.

पाणथळीच्या तोंडाशी, चिबाइशच्या धक्क्यावर मुतश्शर भेटला. तिचा मावसभाऊ. एके काळी त्याची होडी मासळीने भरून यायची. आता तो होडीच्या सावलीत बसून सिगारेटी ओढत होता.

"आलीस? मला वाटलं टँकरमध्ये विरघळलीस."

"आईला कधी पाहिलंस?"

त्याने सिगारेट विझवली. चेष्टा तिथेच संपली. "महिना झाला. बेटावरून बिऱ्हाड हलवत होती. मी म्हटलं, मावशी, चल माझ्या घरी. म्हणाली, तुझ्या घरात तुझी बायको मावत नाही, माझ्या म्हशी कुठे मावायच्या."

ते निघाले. पहिला टप्पा इंजिनावर झाला. मग पातं चिखलाला घासायला लागलं, तेव्हा मुतश्शरने इंजिन बंद करून बांबू हाती घेतला. पुढे बांबूही वाया गेला. दोघं उतरली आणि होडी ओढू लागली. ज्या प्रवाहात बद्रिया लहानपणी बुडता बुडता वाचली होती, त्याच प्रवाहात आता घोट्याएवढं पाणी होतं. दोन्ही काठांवर बोरू पिवळा पडून मोडला होता. छोटे मासे पांढरे पोट वर करून पडले होते, आणि बगळेसुद्धा त्यांच्याकडे बघत नव्हते. शेवटी होडी जागीच सोडावी लागली.

आईचं बेट कोरड्या जमिनीवर उताणं पडलेलं सापडलं. बोरूचे थरावर थर घालून पिढ्यान्‌पिढ्या उंच केलेलं ते बेट, आता त्याच्या चारी बाजूंना भेगाळलेली माती. बोरूच्या जुड्या वाकवून केलेल्या झोपडीच्या कमानी आईने उपसून नेल्या होत्या. खड्डे तेवढे उरले होते. चूल थंड. म्हशींच्या खुरांचे ठसे मात्र चिखलात वाळून पक्के झाले होते, जणू भट्टीत भाजलेत. ठसे पश्चिमेला गेले होते.

"चल," बद्रिया म्हणाली.

"ऊन बघितलंस? पाणी पी आधी."

"चालता चालता पिते."

ठशांच्या मागे जाताना त्यांना आणखी एक चूल लागली, आणि मग आणखी एक. प्रत्येक ठिकाणी शेण, राख, बोरूचे तुकडे, आणि शेजारी वाळलेलं डबकं. आई एका डबक्यावरून दुसऱ्यावर गेली होती. प्रत्येक चुलीपाशी बद्रियाचं काळीज खाली जाई आणि ठसे पुढे गेलेले दिसले की पुन्हा जागेवर येई. तिसऱ्या चुलीपासून मुतश्शरची चाल मंदावली.

"इकडे कशाला आली ही?" तो पुटपुटला. "इकडे तर ते टेकाड आहे."

टेकाड बद्रियालाही माहीत होतं. पाणी भरलेलं असताना त्याचा नुसता माथा दिसायचा आणि म्हातारी माणसं तिकडे बोटसुद्धा दाखवू द्यायची नाहीत. आता पाणी ओसरल्यावर ते पुरतं उघडं पडलं होतं, पांढरट मातीचं, चांगलं थोराड. माथ्यावर बोरूची एक बुटकी झोपडी होती, आणि धूर निघत होता.

बद्रिया धावतच चढली. पायाखाली खापरं करकरत होती. तिस्वाहिन चुलीपाशी उकिडवी बसली होती. काळा झगा, डोक्याला काळं फडकं, चेहरा वाळून बारीक झालेला. तिने मान वर केली, लेकीला खालून वर पाहिलं.

"चपला घालून आलीस? टेकाड चढायला? रस्ता चांगलाच अंगात भिनलाय तुझ्या."

बद्रिया तिच्या गळ्यात पडली आणि रडायच्या ऐवजी भांडायला लागली. "फोन का बंद ठेवलास? जीव टांगणीला लागला माझा!"

"बंद कुठे ठेवला? पाण्यात पडला. एवढंसं पाणी उरलंय इथे, त्यात नेमका तो पडला." तिस्वाहिनने पातेलं उतरवलं. "चहा घे. पाणी खारट आहे, म्हणून साखर जास्त घातलीय. मुतश्शर, तू तिथे काय करतोयस? वर ये."

मुतश्शर पायथ्याशीच उभा होता. "मावशी, तूच खाली ये. ह्या टेकाडावर जिन्न आहेत. माझा आजा इथे होडीसुद्धा लावायचा नाही."

"जिन्नांना चूल कशाला लागते रे? ही बघ राख. मी खणलं तर हातभर खाली जुनी राख निघाली. माशांचे काटेसुद्धा आहेत."

बद्रियाने पाहिलं. आईची चूल भाजक्या विटांची होती, चपट्या, रुंद विटांची. उतारावर तशाच विटांची एक ओळ मातीतून वर आली होती. सरळ ओळ, मग काटकोनात वळलेली. कुणाची तरी खोली. दोन विटांच्या मध्ये काळं काहीतरी भरलेलं होतं. मुतश्शर जिन्नांना विसरून हळूहळू वर आला, नखाने ते खरवडलं, वास घेतला.

"डांबर आहे," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी होडीला लावतो तेच."

"मग? माणसंच होती ती," तिस्वाहिन म्हणाली. "इथून नदी जात असणार तेव्हा. नाहीतर ह्या भट्टीत कोण शहाणा घर बांधायला येईल? प्यायला पाणी, भाताला पाणी, गुरांना पाणी, पूर आला की नवा गाळ, आणि दारातच होडी. अजून काय लागतं माणसाला? मग नदी सरकली. गेली बिचारी."

"कोण बिचारी? नदी?"

"नदी कशी बिचारी असेल? माणसं."

"कुठे गेली असतील?"

"नदी गेली तिकडे. दुसरीकडे कुठे जाणार?"

बद्रियाने चहाचा पेला खाली ठेवला. ह्याच बोलण्यासाठी ती आली होती. "आई, आता तसं राहिलेलं नाही. तेव्हा पाणी असेल तिथे माणसाला जावं लागायचं. आता माणूस राहतो तिथे पाणी आणून देतात. तू माझ्याकडे चल."

"कोण आणून देतं?"

"टँकरवाला."

"आणि तो कुठून आणतो?"

"नदीवरून भरतो तो," मुतश्शरने उगाच सांगून टाकलं.

"म्हणजे टँकरवाला नदीवर आणि तुम्ही रस्त्यावर! चांगला शहाणा दिसतो."

मुतश्शर हसला. बद्रिया नाही हसली. "हस. तूही हस. माझा हातिम आडवा आला होता आई, दवाखाना जवळ होता म्हणून आम्ही दोघं जगलो. तुझी दोन मुलं होडीतच गेली. दवाखान्यापर्यंत पोचलीसुद्धा नाहीत. पाण्याचं एवढं कौतुक सांगतेस, तेव्हा ते लांबच लांब पाणीच होतं ना मध्ये?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, जीभ चावावी. तिस्वाहिनने चुलीतली गोवरी आत सारली.

"खरं आहे ते," ती म्हणाली. "तुझ्या बापाने वल्हवून वल्हवून तळहात फोडून घेतले होते. खरं आहे." मग ती उठली. "म्हशी बघून येते."

म्हशी टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला होत्या. तिथल्या खोलगटात शेवटचं पाणी साचलं होतं, वर हिरवी साय धरलेलं. म्हशी त्यात गुडघाभर उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पांढरी झाक आली होती. खाऱ्या पाण्याने येते तशी. सगळ्यांत पुढे शेखा, कळपाची म्होरकी. तिच्यामागे बाकीच्या जात, ती थांबली की थांबत. शेखाला आता दिसतच नव्हतं. खोल पाण्याच्या आशेने ती मध्यावर गेली होती आणि तिथे पाणी नव्हतं, होता तो गाळ. पोटापर्यंत रुतली होती.

तिस्वाहिन ओरडली नाही. तिने झगा कमरेला खोचला आणि सरळ गाळात उतरली. मागे बद्रिया. मुतश्शर झोपडीच्या कमानी उपटून घेऊन आला, त्या गाळावर आडव्या टाकल्या, दोर आणला. दोर शेखाच्या शिंगांना, मग छातीखालून. तिघांनी ओढलं. शेखा एकदा हंबरली, पुढचे पाय उचलले, आणि पुन्हा खाली गेली, आधीपेक्षा खोल. पुन्हा ओढलं. दोराने बद्रियाचे हात सोलवटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या अंगाला घरचा वास येत होता, गाळाचा आणि म्हशीचा, आणि तो वास घेताना तिला भोवळ येत होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा शेखाने प्रयत्न सोडला. नुसतं तोंड वर धरून ती श्वास घेत राहिली. तिस्वाहिन तिच्या डोक्याशी गाळातच बसली, ओल्या फडक्याने तिचे डोळे पुसत राहिली आणि पाणथळीतल्या बायका दूध काढताना म्हशींशी जे हलक्या आवाजात बोलतात, ते बोलत राहिली. मुतश्शरने दोर सोडून दिला आणि पाठ फिरवून उभा राहिला. बद्रियाला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि आईच्या मांडीवर डोकंही ठेवावंसं वाटत होतं. दोन्ही न करता ती उभी राहिली. श्वास थांबल्यावरही आई बराच वेळ हलली नाही.

मग म्हणाली, "सामान बांध. पण म्हशींसकट येणार. एकही मागे राहणार नाही."

"हो."

"आणि चासिबला आधी सांगू नकोस. नाहीतर तो दारच बंद करून घेईल."

चासिबने दार बंद केलं नाही, पण ट्रकमधून उतरणाऱ्या म्हशी तो बोटांवर मोजत राहिला. शेवटी तो म्हणाला, "आई, ह्या बाईसाहेब गच्चीवर झोपणार की आत?"

"जावयाची मर्जी," तिस्वाहिन म्हणाली. "आत जागा असेल तर आत."

आधी सगळं बरं चाललं. सकाळी तिस्वाहिन दूध तापवून साय धरायची, बोटभर जाड, आणि वस्तीतली माणसं वाडगी घेऊन रांगेत उभी राहायची. सबरिया तर गरम भाकरी घेऊनच यायची. चासिब पाळीवर निघताना साईचा डबा छातीशी धरून जायचा. बद्रियाची लेक अन्हार संध्याकाळी आजीशेजारी बसून अभ्यास करायची. तिच्या नावाचा अर्थ नद्या. पाणथळ सोडून आल्याच्या वर्षी ती जन्मली, म्हणून बद्रियाने मुद्दाम ठेवलेलं. एकदा ती मोठ्याने वाचत होती, पहिली शहरं नद्यांच्या काठी का वसली, त्याची कारणं. पाणी, सुपीक गाळ, मासळी, दळणवळण.

"हे कुणाबद्दल लिहिलंय?" तिस्वाहिनने विचारलं.

"पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांबद्दल, आजी."

"मला वाटलं तुझ्या आजोबांबद्दल."

अन्हार खूप हसली. पण तिस्वाहिन हसत नव्हती. ती पोरीला पुन्हा वाचायला सांगत होती, आणि पुस्तकात त्या लोकांचं पुढे काय झालं, कसे निघाले, गुरं कशी नेली, ते विचारत होती. ते पुस्तकात नव्हतं.

मग टँकरवरून कुरबुर सुरू झाली. म्हैस काय माणसासारखी तांब्याने पाणी पिते? बद्रियाची टाकी दुपारपर्यंत रिकामी व्हायची. शेजाऱ्यांनी पाइप आवळून धरायला सुरुवात केली. साय खाणारीच तोंडं म्हणायला लागली, "आमची पोरं तहानलेली आणि हिच्या म्हशींची आंघोळ!" आंघोळ कुठली, बिचाऱ्या म्हशी टाकीच्या गळणाऱ्या नळाखाली एकेक बाजू धरून उभ्या राहायच्या. त्यांच्या कातडीला भेगा पडायला लागल्या. दूध आटलं. सबरिया यायची बंद झाली. बद्रियाला जागोजागी आई दिसायला लागली: दारात, गच्चीवर, मागच्या बोळात. दोघी एकमेकींच्या वाटेत येत आणि बाजूला होत.

एका सकाळी बद्रिया उठली तर अंगण रिकामं. म्हशी नाहीत, आई नाही. तिने चपला शोधल्या नाहीत. तशीच हमरस्त्याने धावत सुटली. ट्रकवाले भोंगे वाजवत होते. पेट्रोलपंपावरच्या माणसाला विचारलं, "म्हशी पाहिल्या?" तो म्हणाला, "म्हशी? आणि त्यांच्यापुढे एक म्हातारी, रहदारीच्या पोलिसासारखी हात दाखवत? तिकडे गेली, पुलाखाली."

पुलाखाली शहराचं सांडपाणी वाहून नेणारा कालवा होता. काळं पाणी, फेस, प्लॅस्टिक. त्या पाण्यात नाकपुड्या आणि शिंगं तेवढी वर ठेवून तिस्वाहिनच्या सगळ्या म्हशी डोळे मिटून बसल्या होत्या. काठावर तिस्वाहिन.

"आई, हे गटार आहे!"

"कळतं मला. नाक आहे मला." तिने लेकीकडे पाहिलं नाही. "पण वाहतंय गं. किती दिवसांनी वाहताना पाहिलं."

बद्रिया शेजारी बसली. वासाने डोळ्यांत पाणी येत होतं, की वासाने नव्हे, ते तिलाच कळेना. दोघी बसल्या होत्या तेव्हा वरून चासिबची मोटारसायकल आली. त्याला कुणीतरी फोन केला असावा. तो उतार उतरून खाली आला, म्हशींकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, बायकोच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. आता हा ओरडणार, असं बद्रियाला वाटलं.

"माझ्याबरोबर एक जण आहे कामाला," तो म्हणाला. "त्याचा मामा नदीच्या वरच्या अंगाला, मुसय्यिबच्या बाजूला काठावर असतो. खजुराची बाग आहे. तिथे आपल्याकडचे म्हशीवाले गेलेत काही. मी विचारलं होतं मागच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यात?" बद्रियाने विचारलं. "मला बोलला नाहीस."

"साय बंद झाली तेव्हाच विचारलं."

तिस्वाहिनने जावयाकडे वळून पाहिलं. "गोडं आहे का पाणी?"

"गोडं आहे म्हणतात."

ट्रक ठरला. बद्रिया आईबरोबर गेली. दिवसभर हमरस्ता. खिडकीतून ती गावं पाहत होती. गावं आता रस्त्याला चिकटूनच वाढलेली. टायरची दुकानं, मोबाइलची दुकानं, खानावळी. मधूनच नदी दिसे आणि तेव्हा तिच्या लक्षात येई की काठावरच्या घरांचीसुद्धा तोंडं रस्त्याकडे आहेत. नदीकडे त्यांची पाठ, आणि पाठीतून दोन पाइप निघालेले, एक पाणी ओढणारा, एक घाण सोडणारा. तिला कुणावर तरी रागवावंसं वाटलं. मग तिला आठवलं, तिच्या घराचं तोंडही रस्त्याकडेच आहे, आणि पाठीमागे तर नदीही नाही.

बागवाल्याचं नाव दाखिल. पोट सुटलेला, हसरा माणूस. "इथे राहा आजी. बागेत म्हशी शिरल्या नाहीत म्हणजे झालं. आणि सकाळची साय मला."

"सगळी?"

"मला पुरेल एवढी."

"तुझं पोट बघता सगळीच लागेल," तिस्वाहिन म्हणाली, आणि दाखिल पोट धरून हसला.

ट्रकची फळी पडताच म्हशींना कुणी हाकावं लागलं नाही. त्या धडपडत, एकमेकींना ढकलत उतरल्या आणि नदीत शिरल्या. शिंगं बुडेपर्यंत आत. आता म्होरकी कोण, हे त्यांनी पाण्यातच ठरवलं. तिस्वाहिन काठावर बसली, ओंजळ भरली, तोंडात घेतली, घोळवली. बद्रिया तिच्या तोंडाकडे पाहत होती.

तिस्वाहिनने घोट गिळला. काही न बोलता दुसरी ओंजळ भरली आणि लेकीपुढे धरली. बद्रिया वाकली आणि आईच्या हातातून पाणी प्यायली.

ती दोन दिवस राहिली. बोरू कापला, कमानी उभ्या केल्या. इथला बोरू बुटका होता आणि तिस्वाहिन दर पेंढीमागे त्याला नावं ठेवत होती. तिसऱ्या दिवशी चासिबचा फोन आला, टँकर आला होता आणि पाइप धरताना त्याची कंबर धरली होती. "जा तू," तिस्वाहिन म्हणाली. "पोरांची शाळा आहे. माझं झालं इथे." बद्रिया बसमध्ये चढली. बस निघाल्यावर तिला वाटलं, उतरावं. शहर लागल्यावर वाटलं, लवकर घरी पोचावं. पोचल्यावर पुन्हा काहीच वाटेना, नुसते पाय चालत राहिले.

हिवाळा आईचा चांगला गेला. एका म्हशीला रेडी झाली. दर शुक्रवारी फोन यायचा, नव्या मोबाइलवरून, दाखिलच्या सुनेने घेऊन दिलेला. बद्रियाही महिन्याला एक फेरी मारायची, जाताना भाकऱ्या, येताना साय. सबरियासुद्धा पुन्हा यायला लागली होती.

मग उन्हाळा लागला आणि एका शुक्रवारी आईने खुशाली विचारलीच नाही.

"बद्रिया, इथल्या धक्क्याला पायऱ्या आहेत ना? पाणी दोन पायऱ्या उतरलं गं."

"उन्हाळ्यात उतरतंच, आई."

"तेच आम्ही तिकडे म्हणायचो. बरं, ह्या गावाच्या वर काय आहे?"

"वर फल्लूजा. मग रमादी. मग हीत. मग धरण."

"धरणाच्या वर?"

"सीरिया."

"आणि त्याच्या वर?"

"तुर्कांचा मुलूख. डोंगर आहेत तिथे. आई, तू काय ठरवतेयस?"

"काही नाही. नुसतं विचारतेय. डोंगरात म्हशी राहतात का गं?"

"मला काय माहीत!"

"मग विचार की कुणाला तरी," तिस्वाहिन म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

चासिब जेवत होता. "काय म्हणतात आई?"

"डोंगरात म्हशी राहतात का, विचारतेय."

तो हसेल असं बद्रियाला वाटलं. पण त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"आमच्या तेलाच्या विहिरीवर एक कुर्द ड्रायव्हर येतो," तो म्हणाला. "तिकडचाच, डोंगरातला आहे. उद्या विचारतो त्याला."